फॅटी लिव्हर, आहार आणि व्यायाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॅटी लिव्हरचे निदान झालेल्या व्यक्ती आणि त्यांच्या घरची मंडळी पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः वजन, मधुमेह आणि रक्तातील चरबी यांच्याशी निगडित असलेल्या फॅटी लिव्हरविषयी आहेत; मद्यपानाचा विचार प्रश्न १० मध्ये केला आहे. ज्यांना सिरोसिस (यकृतात व्रणासारखे तंतू पसरून ते कडक होण्याची शेवटची अवस्था) झाल्याचे सांगितले गेले आहे, त्यांनी आधी प्रश्न १६ वाचावा, कारण येथील बराचसा सल्ला त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

१. फॅटी लिव्हर म्हणजे नेमके काय, आणि ही चरबी यकृतात येते कुठून?

यकृताच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबी साठलेली असेल, तर त्या अवस्थेला फॅटी लिव्हर म्हणतात. तेलकट खाल्ले की ते थेट यकृतात जाऊन बसते, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या यकृतातील चरबीचा माग काढला असता, सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातील मेदसाठ्यांतून सुटून आलेल्या मेदाम्लांची, २६ टक्के यकृताने स्वतःच साखर व पिष्टमय पदार्थांपासून तयार केलेली आणि केवळ १५ टक्के जेवणातील स्निग्ध पदार्थांतून आलेली होती. इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागला की मेदसाठ्यांतून मेदाम्ले अधिक सुटतात आणि यकृतही अधिक चरबी तयार करते. त्यामुळे केवळ तेल बंद करून साखर, मैदा आणि पोटाचा घेर तसाच ठेवला, तर फारसे काही साधत नाही.

२. सोनोग्राफीत ‘ग्रेड १’ आले आहे. म्हणजे काळजीचे कारण नाही ना? आणि ‘ग्रेड ३’ म्हणजे यकृत निकामी होत आले का?

दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. सोनोग्राफीतील ग्रेड यकृतात चरबी साधारण किती आहे एवढेच सांगतो. यकृताला सूज आली आहे का आणि त्यात तंतू तयार होऊन ते कडक होऊ लागले आहे का, म्हणजेच फायब्रोसिस आहे का, हे त्यावरून कळत नाही. पुढील आयुष्यात यकृताला किती धोका आहे, हे मात्र मुख्यतः फायब्रोसिसवर ठरते. एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) सामान्य असूनही फायब्रोसिस असू शकतो, म्हणून त्या एका आकड्यावर निर्धास्त राहू नये.

पहिली चाळणी म्हणून ‘फिब-४’ हा हिशेब उपयोगी पडतो. वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखेच दुसरे विकर), एसजीपीटी आणि रक्तातील प्लेटलेट्स या चार गोष्टींवरून तो करता येतो, म्हणजे वेगळी महागडी तपासणी लागत नाही. उत्तर १.३ पेक्षा कमी असल्यास गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी असते. वय ६५ च्या वर असेल तर हीच मर्यादा २ धरतात, आणि ३५ वर्षांखालील व्यक्तींत हा हिशेब तितकासा विश्वासार्ह नसतो. आकडा जास्त आल्यास फायब्रोस्कॅन करून यकृताचा कडकपणा मोजतात; तो ८ किलोपास्कलच्या खाली असेल तर बहुधा चिंता नसते. आपल्या डॉक्टरांना ‘माझा ग्रेड कोणता’ याऐवजी ‘माझा फिब-४ किती’ असे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

३. केवळ आहार आणि व्यायामाने हे खरोखर बरे होते का? वजन किती कमी करावे लागेल?

होय, सिरोसिसच्या आधीच्या बहुतेक टप्प्यांवर सुधारणा होऊ शकते, आणि ती किती होईल हे बऱ्याच अंशी घटलेल्या वजनावर अवलंबून असते. मूळ वजनाच्या ३ ते ५ टक्के घट झाली की यकृतातील चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्के घटीने सूज ओसरण्याची शक्यता चांगली असते, आणि १० टक्के किंवा त्याहून अधिक घट झाल्यास फायब्रोसिसही मागे हटू शकतो. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी याचा अर्थ अनुक्रमे सुमारे अडीच ते ४ किलो, साडेपाच ते ८ किलो आणि ८ किलोंहून अधिक असा होतो.

क्यूबामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन देऊन यकृताच्या तुकड्यांची तपासणी करण्यात आली; हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. १० टक्के किंवा अधिक वजन घटवलेल्यांपैकी ९० टक्के रुग्णांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचा फायब्रोसिस कमी झाला. मात्र एवढी घट साधली ती दहांपैकी एकालाच, आणि ही बाजूही रुग्णाला सांगायलाच हवी. म्हणून पहिले ध्येय ५ टक्के ठेवावे, ते गाठून टिकवावे आणि मगच पुढचे ठरवावे. ज्यांचे वजन मुळातच कमी आहे, त्यांनी प्रश्न १५ पाहावा.

४. लवकर परिणाम हवा असेल तर महिनाभर अगदी कमी खाल्ले तर चालेल का?

स्वतःच्या मनाने तसे करू नये. आठवड्याला अर्धा ते जास्तीत जास्त एक किलो घट हा सुरक्षित वेग आहे. फार वेगाने वजन उतरले तर मेदसाठ्यांतून मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे येतो आणि सूज वाढू शकते. पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात, जे या आजारात विशेष नुकसानीचे आहे, कारण जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात. अत्यल्प कॅलरींचे आहार वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत.

५. एकच बदल करायचा असेल तर कोणता करावा?

साखर घातलेली आणि गोड पेये बंद करावीत. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्याचा बहुतांश निचरा यकृतातच होतो आणि जास्तीच्या फ्रुक्टोजपासून यकृत सहज चरबी तयार करते. पेयातून आलेली साखर पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाही, त्यामुळे ती जेवणाच्या जोडीला आणखी भर म्हणून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, पाच-सहा छोटे चमचे. आपल्याकडे चार वेळा चहा घेणारी व्यक्ती दर कपाला दोन चमचे साखर घेत असेल, तर बिस्किटे मोजण्यापूर्वीच ही मर्यादा ओलांडलेली असते.

६. साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो का? उसाचा रस, आमरस आणि फळे यांचे काय?

गुळात मुख्यतः साखरच असते आणि मधात फ्रुक्टोजचे प्रमाण भरपूर असते. गुळात थोडी खनिजे असली, तरी यकृताच्या दृष्टीने या अदलाबदलीने काही साधत नाही. उसाच्या रसाच्या एका पेल्यातून पाच-सहा चमचे साखर सहज पोटात जाते. दिवसभराची वर सांगितलेली मर्यादा तेवढ्यातच संपते. ताज्या फळांचा रसही, घरी काढलेला असला तरी, याच गटात मोडतो.

अख्खे फळ मात्र वेगळे आहे. त्यातील तंतूंमुळे साखर हळूहळू शोषली जाते आणि चघळून खाल्ल्याने पोट भरते. पेरू, पपई, संत्रे, जांभूळ, सफरचंद यांपैकी दिवसाला एक-दोन फळे बहुतेकांना चालतात. आंब्यालाही बंदी नाही. एक लहान आंबा किंवा त्याच्या फोडी आणि वाटीभर साखर घातलेला आमरस यांत फरक करावा. आमरसाच्या वाटीत दोन-तीन आंबे असतात आणि त्या जोडीला पुऱ्या असतात. मधुमेह असल्यास फळांचे प्रमाण आपल्या आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

७. भात पूर्णपणे सोडायचा का? भाकरी खाल्ली तर किती खायची?

भात सोडण्याची गरज नाही. ताटातील त्याची जागा कमी करण्याची गरज आहे. आपल्या नेहमीच्या ताटाची अडचण अशी की पोळी किंवा भाकरी, त्यावर भात आणि शिवाय बटाट्याची भाजी, असे तिन्ही पिष्टमय पदार्थ एकाच जेवणात येतात, तर डाळ पातळ आणि पालेभाजी चवीपुरती असते. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे, आणि उरलेला पाव भाग भाकरी किंवा पोळी किंवा भात, अशी मांडणी केली तर कोणताही पदार्थ वर्ज्य न करता उष्मांक उतरतात. एका जेवणात भाकरी आणि भात दोन्ही घ्यायचे असतील, तर दोन्ही अर्धे घ्यावेत.

ज्वारी, बाजरी आणि नाचणीच्या भाकरीत तंतू अधिक असतात आणि ती पचायला वेळ घेते, म्हणून ती मैद्याच्या पावापेक्षा किंवा पांढऱ्या भातापेक्षा निश्चितच बरी. परंतु तीन-चार भाकरी खाल्ल्या तर धान्य कोणते होते, याने फारसा फरक पडत नाही. कोकणात आणि गोव्यात भात हेच मुख्य अन्न असल्याने तेथील वाचकांनी भाकरीची सक्ती स्वतःवर करू नये. भाताचा मूद लहान करावा आणि आधी भाजी व मासे खाऊन मग भाताला हात लावावा. सकाळच्या पोह्यांत किंवा उपम्यात भाज्या, मटार आणि मोड आलेली कडधान्ये भरपूर घालावीत आणि वर शेव पसरू नये.

८. तेल कोणते वापरावे? तूप आणि खोबरे बंद करावे का? प्रथिनांसाठी काय खावे?

तेलाच्या नावापेक्षा त्याचे प्रमाण आधी पाहावे. घरात महिन्याला माणशी अर्धा ते पाऊण लिटरच्या आत सगळे तेल बसावे, असा ढोबळ हिशेब ठेवता येतो. शेंगदाणा, करडई, मोहरी किंवा तीळ यांपैकी कोणतेही तेल चालते. वनस्पती तूप आणि तळणीचे पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळावे.

संपृक्त मेदाचा यकृतावर परिणाम होतो, हे प्रयोगातून दिसले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात ३८ जणांना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जास्तीच्या दिल्या गेल्या. ज्यांना त्या खोबरेल तेल, लोणी आणि चीज यांतून मिळाल्या, त्यांच्या यकृतातील चरबी ५५ टक्क्यांनी वाढली. साखरेतून मिळाल्या त्यांची ३३ टक्क्यांनी, आणि असंपृक्त मेदातून मिळाल्या त्यांची १५ टक्क्यांनी. याचा अर्थ वरणावरचे चमचाभर तूप किंवा भाजीतले मूठभर ओले खोबरे विष आहे असा नव्हे. लोणी, चीज, साय आणि भरपूर नारळाच्या वाटणाची आमटी रोज दोन्ही वेळा नसावी, एवढा तो अर्थ आहे.

प्रथिनांसाठी मटकी, मूग, चवळी, हरभरा, सोयाबीन, ताक-दही, अंडी, मासे आणि कातडी काढलेली कोंबडी हे चांगले पर्याय आहेत. अंड्यातील बलक टाकून देण्याची बहुतेकांना गरज नाही. मटण कधीतरी आणि थोडेच खावे, आणि रश्श्यावरची तर्री काढून टाकावी.

९. उपवासाने यकृताला विश्रांती मिळते का? सोळा तासांचा उपवास करावा का?

ठरावीक तासांतच खाण्याच्या पद्धतीने वजन आणि यकृतातील चरबी कमी होते. मात्र तेवढ्याच कॅलरी दिवसभरात विभागून खाणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा होतो, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. ज्याला ती पद्धत सोसते त्याने ती पाळावी. रात्रीचे जेवण सातच्या सुमारास घेणे, हा तिचा सौम्य आणि घरात निभणारा प्रकार आहे.

आपले पारंपरिक उपवास ही वेगळीच बाब आहे. साबुदाण्यात प्रथिने आणि तंतू जवळजवळ नसतात, आणि खिचडीत त्याला बटाटा, तूप व दाण्याच्या कुटाची जोड मिळते. बटाट्याचा चिवडा आणि तळलेले वडे धरले तर उपवासाच्या दिवशी एरवीपेक्षा जास्त कॅलरी पोटात जातात. आठवड्यातून दोन वार आणि शिवाय एकादशी, चतुर्थी धरणाऱ्यांच्या बाबतीत हा भाग मोठा असतो. भगर थोडी आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, ताक, भाजलेले रताळे, एखादे फळ, असा उपवास व्रत न मोडता करता येतो. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी उपवास करण्यापूर्वी प्रश्न १७ पाहावा.

१०. मी केवळ शनिवारी थोडे मद्य घेतो. ते चालेल का? आणि चहा-कॉफी?

यकृतात चरबी असताना मद्य पूर्ण बंद करणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. बिअर आणि वाइनही त्यात आल्या. दारूचा प्रकार बदलल्याने यकृताला फरक पडत नाही, तर एकूण अल्कोहोल किती गेले याने पडतो. आठवडाभराचे प्रमाण एकाच रात्री घेणे तर विशेष हानिकारक आहे. फायब्रोसिस असेल तर थेंबभरही घेऊ नये.

कॉफीची बातमी चांगली आहे. रोज दोन-तीन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिसचे प्रमाण कमी असल्याचे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे. ती साखरेविना किंवा अगदी थोड्या साखरेची असावी. झोप उडत असेल, धडधडत असेल किंवा गर्भारपण असेल, तर केवळ यकृतासाठी कॉफी वाढवू नये. चहाबाबत असा भक्कम पुरावा नाही. चहा घ्यावा, साखर कमी करावी.

११. व्यायाम किती आणि कोणता करावा?

आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे, ही सुरुवात समजावी. वेग योग्य आहे का, हे ओळखण्याची खूण अशी की चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. पोहणे, सायकल, सलग आणि लयीत घातलेले सूर्यनमस्कार हेही चालते.

त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, आणि बहुतेक जण नेमका हाच वगळतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, यांपासून सुरुवात करता येते; प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्यांत करावा. याखेरीज दिवसभर बसून काम असेल तर तासाभराने पाच मिनिटे उठावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा हृदयविकाराचा पूर्वेतिहास असल्यास आधी तपासणी करून घ्यावी, कारण फॅटी लिव्हर असलेल्यांत मृत्यूचे प्रमुख कारण यकृताचे आजार नसून हृदयविकार हे आहे.

१२. चार महिने नियमित चालतो आहे, पण वजन हलत नाही. व्यायाम वाया गेला का?

नाही. वजन न घटताही नियमित व्यायामाने यकृतातील चरबी कमी होते, इन्सुलिनचा परिणाम सुधारतो आणि हृदयाला लाभ होतो. मात्र फायब्रोसिस हटवायचा असेल तर वजनही उतरणे आवश्यक ठरते, आणि वजन मुख्यतः आहाराने उतरते; अर्ध्या तासाच्या चालण्याने खर्च झालेल्या कॅलरी एका वड्याने भरून निघू शकतात. अशा वेळी आठवडाभर पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट, चहासोबतचे फरसाण धरून, लिहून काढावी. कारण बहुधा त्या वहीतच सापडते.

१३. गुडघे दुखतात, आणि पावसाळ्यात बाहेर चालता येत नाही. मग काय करावे?

गुडघ्यांवर भार न टाकणारे प्रकार निवडावेत: स्थिर सायकल, पोहणे, पाण्यात चालणे, खुर्चीत बसून हातापायांचे व्यायाम. मांडीच्या स्नायूंना बळकटी आली की गुडघेदुखीही बऱ्याचदा कमी होते, म्हणून भौतिकोपचार तज्ज्ञांकडून दोन-चार प्रकार शिकून घ्यावेत. पावसाळ्यासाठी दहा-दहा मिनिटे तीन वेळा घरातल्या घरात, व्हरांड्यात किंवा इमारतीच्या तळमजल्यावर चालले तरी ती मिनिटे हिशेबात धरावीत.

१४. माझ्या बारा वर्षांच्या मुलाला फॅटी लिव्हर आहे. त्याला डाएटवर ठेवायचे का?

वाढत्या वयात उपाशी ठेवणारा आहार देऊ नये; उंची वाढत असताना वजन स्थिर राहिले तरी पुष्कळदा पुरते. अमेरिकेत ११ ते १६ वयाच्या ४० मुलांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वरून घातलेली साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केल्यावर यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. त्यात केवळ मुलाचा नव्हे, तर साऱ्या घराचा आहार बदलण्यात आला होता, आणि मला तीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. घरात शीतपेयांच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे असताना एकट्या मुलाला नकार देणे निर्दय आहे आणि निरुपयोगीही. मुलांच्या बाबतीत इतर कारणे तपासण्यासाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

१५. मी सडपातळ आहे, तरी फॅटी लिव्हर कसे?

भारतीयांत कमी वजनावरही पोटात खोलवर चरबी साठते, म्हणून आपल्यासाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणाऱ्या आकड्याची) मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात. पीएनपीएलए३ या जनुकातील एका बदलामुळेही यकृतात चरबी साठण्याचा कल वाढतो. अशा व्यक्तींना ३ ते ५ टक्के घटही लाभदायक ठरू शकते, परंतु भर साखर कमी करणे आणि स्नायू वाढवणे यांवर द्यावा. शिवाय मद्य, हिपॅटायटिस सी, थायरॉइड, तसेच स्टिरॉइड, टॅमॉक्सिफेन, अमिओडॅरोन, मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधे ही कारणे सडपातळ व्यक्तीत आवर्जून तपासावीत.

१६. सिरोसिस झाला असेल तर हाच आहार आणि व्यायाम करावा का?

नाही. सिरोसिसमध्ये स्नायू झपाट्याने झडतात, म्हणून प्रथिने कमी करणे हानिकारक आहे. रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. रात्रभर उपाशी राहणे टाळावे आणि झोपण्यापूर्वी थोडे खावे, म्हणजे लांब उपवासाचे प्रकार येथे वर्ज्य आहेत. पोटात पाणी झाले असेल तर मीठ कमी करावे लागते, आणि तेव्हा वजनाचा काटाही फसवा ठरतो. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर जड वजने उचलू नयेत. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, कावीळ किंवा बोलण्या-वागण्यात गोंधळ दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

१७. मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत. आहार बदलताना काय सांभाळावे?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असताना भात-पोळी एकदम कमी केली, उपवास धरला किंवा व्यायाम वाढवला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बदल करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी आणि घरी साखर तपासत राहावे. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधे यकृताच्या भीतीने परस्पर बंद करू नयेत. फॅटी लिव्हरमध्ये ती सुरक्षित आहेत आणि हृदयाचे रक्षण करतात.

१८. गुळवेल, हळदीच्या गोळ्या, ‘लिव्हर डिटॉक्स’ काढे घ्यावेत का? नवी औषधे आली आहेत, असे ऐकले.

स्वयंपाकातील हळदीला हरकत नाही, परंतु हळदीच्या तीव्र मात्रेच्या गोळ्या आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. माझे मत स्पष्ट आहे: यकृत आधीच आजारी असताना ज्याची मात्रा आणि घटक निश्चित नाहीत असे काही घेऊ नये, आणि घेत असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा काही निवडक रुग्णांना उपयोग होतो, पण तेही स्वतःहून सुरू करू नये.

अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड ही औषधे सूज आणि मध्यम ते गंभीर फायब्रोसिस असलेल्या, परंतु सिरोसिस नसलेल्या रुग्णांसाठी मंजूर झाली. दोन्ही मंजुरी आहार व व्यायामाच्या जोडीनेच आहेत.

१९. प्रगती कशी मोजावी? वजन उतरले तरी एसजीपीटी वाढलेलेच असेल तर?

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वेळी पाहावे आणि कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. एसजीपीटी आणि एसजीओटी तीन ते सहा महिन्यांनी, तर सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा महिने ते वर्षाने पुन्हा करावा. दर महिन्याला सोनोग्राफी करण्यात अर्थ नाही. लहान बदल तिच्यात दिसत नाहीत आणि ग्रेड तपासणाऱ्याच्या नजरेनुसारही बदलू शकतो.

वजन ७ ते १० टक्के घटूनही सहा महिन्यांनंतर एसजीपीटी वाढलेलेच असेल, तर सगळा दोष फॅटी लिव्हरवर टाकून थांबू नये. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, स्वयंप्रतिकारामुळे होणारी यकृताची सूज, शरीरात साठलेले जास्तीचे लोह आणि तरुण वयात विल्सन आजार (शरीरात तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार) यांसाठी तपासण्या कराव्यात, तसेच चालू असलेल्या सर्व औषधांची आणि काढ्यांची यादी यकृततज्ज्ञांसमोर ठेवावी.